भिंतीतला पिंपळ काय खातो?

दुसरी-तिसरीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, झाडाला जगायला काय लागतं? उत्तर एका दमात येतं : हवा, पाणी, माती, सूर्यप्रकाश. प्राण्यांचं विचारलं तर हवा, पाणी, अन्न, निवारा. शाळा मराठी असो, तमिळ असो की इंग्रजी, यादी जवळपास हीच असते आणि ती बिनचूक म्हणता आली की धडा झाला असं आपण धरून चालतो. माझ्या मते धडा तिथे सुरूही झालेला नसतो. एखाद्या सजीवाची गरज मुलाला कळली असं केव्हा म्हणावं? ती गोष्ट त्या सजीवाला कुठून मिळते, मिळाली नाही तर काय होतं आणि ते किती दिवसांनी होतं, हे तिन्ही त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल तेव्हा. पाठांतरातून यातलं एकही हाती लागत नाही. त्यासाठी खरा सजीव डोळ्यांसमोर लागतो, तोही एका तासापुरता नव्हे, काही आठवडे. आता यावर पहिला प्रश्न हमखास येतो की शहरातल्या मुलांनी हा सजीव आणायचा कुठून? बाग नाही, शेत नाही, अंगणही नाही. म्हणून मुद्दाम अशी जागा घेऊ जिथे ही अडचण सर्वांत खरी वाटावी : चेन्नईतलं जॉर्ज टाउन.

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेला वसलेली ही जुन्या मद्रासची व्यापारी पेठ. इंग्रजांनी तिला आधी 'ब्लॅक टाउन' म्हटलं, पुढे पाचव्या जॉर्जचं नाव दिलं. मराठी वाचकाला इथली एक जागा ऐकून ठाऊक असते. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ मंदिरात १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज दर्शनाला आले होते, असं त्या मंदिराची परंपरा सांगते. आजचं जॉर्ज टाउन म्हणजे पॅरीज कॉर्नरपासून मिंट स्ट्रीटपर्यंत एकमेकींना खेटून असलेल्या गल्ल्या. एका गल्लीत कागद, दुसरीत कापड, तिसरीत लोखंडी सामान. हातगाड्या, हमाल, डोक्यावर तारांचं जाळं. शाळा आहेत, पण बहुतेकींना मैदान म्हणावं असं काही नाही. इथल्या सौकारपेठेतलं मूल दुकानावरच्या दोन खोल्यांत वाढतं आणि त्याला आकाश दिसतं ते पट्टीएवढं. अशा मुलाला वनस्पती आणि प्राणी शिकवायचे तर चित्रांशिवाय गत्यंतर काय, असं शिक्षकांना वाटलं तर नवल नाही. पण याच गल्लीत मान वर केली की जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, छज्जा आणि भिंत जिथे मिळतात त्या फटीत, पिंपळाचं रोप हमखास दिसतं.

हे रोप तिथे कुणी लावलेलं नसतं. कावळा, साळुंकी, कोकीळ, वटवाघूळ यांपैकी कुणीतरी पिंपळाची फळं खाल्ली आणि विष्ठेतून बी त्या फटीत पडलं. जुन्या मद्रासच्या इमारती विटांच्या आणि चुन्याच्या. चुन्याचे सांधे सिमेंटपेक्षा सच्छिद्र, पावसाचं पाणी मुरवून ठेवणारे. गळक्या पन्हाळीजवळची भिंत तर वर्षभर ओलसर. बियाला रुजायला तेवढी ओल पुरते. मग केसासारखं मूळ सांध्यांतून वाट काढतं, ओल जिथे असेल तिकडे वळतं, दोन-तीन वर्षांत बोटाएवढं जाड होतं आणि विटा सारू लागतं. मुलांना हे दाखवून एवढंच विचारावं : तुमच्या यादीत माती आहे, इथे माती कुठे आहे? मुलं आधी गोंधळतात, मग शोधू लागतात. कुणी म्हणेल फटीत धूळ साचली असेल. कुणी म्हणेल भिंतीच्या आत माती असते. कुणी म्हणेल त्याला पाणी कोण घालतं? यातलं प्रत्येक उत्तर तपासून बघता येतं. फटीत चिमूटभर धूळ खरंच असते. खनिजं त्या धुळीतून आणि चुन्यातून मिळतात, पण लागतात अगदी थोडी. पाणी पावसाचं आणि पन्हाळीचं. आणि मग मोठा प्रश्न उरतो : चिमूटभर धुळीवर एवढा पिंपळ झाला कशाचा?

या प्रश्नाशी माणूस फार पूर्वीपासून झगडतो आहे. बेल्जियमच्या यान व्हान हेल्मोंट यांनी सतराव्या शतकात एका कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून भरली, तीत सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं ७६ किलोंच्या वर आणि माती कमी झाली जेमतेम ५७ ग्रॅम. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं होतं. तो अपुरा निघाला, कारण हवेचा वाटा त्यांच्या लक्षात आला नव्हता. पुढे प्रीस्टली यांनी झाड आणि हवा यांचं नातं दाखवलं आणि १७७९ साली इंगेनहाऊस यांनी त्यात प्रकाशाची अट घातली. झाडाच्या लाकडाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे आज शाळेत शिकवतात. तरी पदवीधर माणसाला अचानक विचारलं की ओंडक्याचं वजन आलं कुठून, तर बरेचजण मातीकडेच बोट दाखवतात. लहानपणी 'झाड मातीतून अन्न घेतं' हे इतकं घट्ट बसलेलं असतं की वरच्या वर्गातलं प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर नुसतं ठेवलं जातं, आत मुरत नाही. सात वर्षांच्या मुलाला कार्बन डायऑक्साइड सांगायची काही गरज नाही. पण भिंतीतल्या पिंपळाकडे पाहून 'हा मातीवर जगत नाही' एवढं त्याच्या मनात रुजलं, तरी पुढच्या शिक्षकाचं निम्मं काम झालेलं असेल.

इतक्या लहान मुलांना हे झेपेल का, ही शंका घेणाऱ्यांपाशी आधार आहे. मुलं हलणाऱ्या वस्तूला जिवंत मानतात, सूर्य आणि ढगसुद्धा त्यांना जिवंत वाटतात, हे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं. याची दुसरी बाजू म्हणजे जागचं न हलणारं झाड बऱ्याच मुलांना जिवंत वाटतच नाही. मग जे जिवंतच नाही त्याच्या गरजा त्यांना कशा कळणार? पण त्यानंतरच्या संशोधनाने चित्र बदललं. जपानच्या कायोको इनागाकी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतल्या पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट तपासले. एका गटातल्या मुलांनी घरी गोल्डफिश पाळले होते, दुसऱ्यातल्या मुलांनी नाही. गोल्डफिशबद्दल पहिल्या गटाला जास्त माहिती असणार हे उघडच होतं. लक्षात घेण्याजोगं पुढचं आहे. त्या मुलांनी कधीच न पाळलेल्या बेडकाबद्दलही सयुक्तिक अंदाज बांधले. बेडकाचं पिल्लू कायम लहान ठेवता येईल का, असं विचारल्यावर त्यांनी आपल्या माशाच्या वाढीचा दाखला देऊन नाही म्हटलं. एका जिवाला नीट जगवलं की दुसऱ्या जिवाबद्दल विचार करायला मुलाला आधार मिळतो. इनागाकी आणि त्यांचे सहकारी गियो हातानो यांचं आणखी एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. मुलं अनोळखी प्राण्याबद्दल बोलताना स्वतःवरून अंदाज बांधतात : मला भूक लागते, तर सशालाही लागत असेल. आपण मोठी माणसं याला भाबडेपणा समजून दुरुस्त करायला धावतो. खरं तर ती विचाराची पहिली पायरी आहे, आणि ती कुठे लागू पडते, कुठे पडत नाही हे मुलाने स्वतः पाहिलं की पुढची पायरी आपोआप येते. झाडाला तहान लागते असं मूल म्हणालं तर म्हणू द्यावं. मग विचारावं, ते पाणी पितं कुठून, तोंड कुठे आहे?

जॉर्ज टाउनमध्ये हा तपास करायला उंबरठ्याबाहेरही जावं लागत नाही. तमिळ घरांत पहाटे दार धुऊन कोलम काढतात. पूर्वी तो तांदळाच्या पिठाचा असे, आणि मुंग्या-पाखरांच्या तोंडी दोन दाणे पडावेत हाही त्यामागचा भाव होता. आता बाजारात मिळणारी पांढरी भुकटी बहुतेक दगडाची असते, आपल्याकडच्या शिरगोळ्याच्या रांगोळीसारखी. शिक्षकाने वर्गाच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली फरशीवर दोन ठिपके काढावेत, एक तांदळाच्या पिठाचा आणि एक दगडाच्या भुकटीचा. दिसायला दोन्ही सारखे पांढरे. मुलांनी आधी अंदाज सांगायचा आणि मग दर अर्ध्या तासाने येऊन पाहायचं. पहिली मुंगी बहुधा दोन्ही ठिपक्यांजवळून जाते. मिशा टेकवते, थांबते, वळते. मग पिठाच्या ठिपक्याकडे रांग लागते आणि कडेकडेने तो खरवडल्यासारखा होत जातो. दगडाचा ठिपका संध्याकाळीही तसाच असतो. प्राण्याला अन्न लागतं हे वाक्य मुलाला आधीही येत होतं. आता त्याला हे कळतं की समोर ठेवलेलं सगळं अन्न नसतं आणि मुंगीपाशी ते ओळखायचा काहीतरी उपाय आहे. मुंगी न आलीच तर तेही बोलण्यासारखं : आज का नाही आली, पाऊस होता का, फरशी फिनाईलने पुसली होती का? गल्लीतली गाय केळीच्या पानांसोबत प्लास्टिकची पिशवी गिळते, त्याकडेही मग मूल वेगळ्या नजरेनं बघतं. पिशवी पोटात जाते, पण तिच्यातून गायीला काहीच मिळत नाही, उलट ती पोटात अडकून राहते. गरज भागणं आणि पोट भरणं यांतला फरक एवढ्या स्पष्टपणे दाखवणारं चित्र कोणत्याही पुस्तकात नाही.

वनस्पतींबाबत वर्गात सर्रास होणारा प्रयोग म्हणजे दोन वाट्यांत मूग पेरायचे, एक वाटी खिडकीत आणि दुसरी कपाटात. पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रकाश नसेल तर झाड जगत नाही. प्रत्यक्षात पाचव्या-सहाव्या दिवशी कपाट उघडलं की अंधारातली रोपं खिडकीतल्या रोपांपेक्षा उंच झालेली असतात! पिवळट, लांबट, मान टाकलेली, पण उंच. पट्टी घेऊन मोजणारं मूल प्रामाणिकपणे सांगतं की अंधारातलं झाड जास्त वाढलं. इथे पुष्कळ शिक्षक अडचणीत येतात, प्रयोग फसला म्हणून वाटी टाकून देतात आणि पुस्तकातलं उत्तर फळ्यावर लिहितात. वास्तविक प्रयोग इथेच रंगात आलेला असतो. मुगाच्या दोन डाळिंब्यांत बेगमी भरलेली असते आणि रोप सुरुवातीचे दिवस तिच्यावर काढतं. उजेड शोधत ते सगळं बळ उंचीवर खर्च करतं. पानं हिरवी करण्यात अंधारात काही हशील नसतं. मुलांना डाळिंब्या चिमटीत धरून बघायला सांगावं. सुरुवातीला टणटणीत असलेल्या त्या पुढच्या दिवसांत सुरकुततात आणि गळून पडतात. बेगमी संपली की अंधारातलं रोप आडवं होतं. पहिल्या परिच्छेदातला तिसरा प्रश्न, 'किती दिवसांनी', इथे कामाला येतो. पाण्यावाचून रोप दोन दिवसांत सुकतं, प्रकाशावाचून आठवडा-दोन आठवडे तग धरतं आणि खनिजांची उणीव दिसायला त्याहून जास्त काळ जातो. सगळ्या गरजा खऱ्या आहेत, पण प्रत्येकीची मुदत वेगळी. यादीत त्या एकाखाली एक लिहिल्या की सारख्याच वाटू लागतात.

बद्रियन स्ट्रीटच्या फुलबाजाराकडेही याच मुदतीच्या नजरेनं बघता येईल. १९९६ साली भाजीपाल्याचा घाऊक बाजार इथल्या कोत्तवाल चावडीतून कोयंबेडूला गेला, तरी फुलांचा व्यापार इथून पुरता हलला नाही. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या असतात आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवल्या जातात. कळी झाडावरून तोडली तरी संध्याकाळी उमलते. म्हणजे ती अजून जिवंत आहे का? जिवंत असेल तर जगते कशावर? ओलं फडकं तिला काय देतं आणि काय देऊ शकत नाही? सात-आठ वर्षांची मुलं यावर तावातावाने भांडतील. भांडू द्यावं.

काहींना या प्रयोगांत एक गोष्ट खटकते आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. काहीतरी काढून घेऊन 'आता काय होतं ते बघा' असं मुलांना शिकवणं म्हणजे क्रौर्य शिकवणं नाही का? मूग आणि मटकीबाबत मला तसं वाटत नाही. मोड आलेली मटकी आपण खातोच. पण प्राण्यांबाबत रेघ अगदी स्पष्ट हवी. कोणत्याही प्राण्याचं अन्न, पाणी किंवा हवा वर्गात काढून घ्यायची नाही, पाहण्यासाठी डबीत कोंडलेली मुंगीसुद्धा नाही. प्राण्यांच्या गरजा पुरवून शिकायच्या : गच्चीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवून त्यावर कोण कधी येतं ते नोंदवायचं, कावळ्यासाठी भाताचा घास ठेवायची रीत इथल्या घरांत आहेच तिला निरीक्षणाची जोड द्यायची. पिंजऱ्यातला पोपट वर्गात आणायचा मोह टाळायलाच हवा. आपल्याकडचे पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि तो कायदा नसता तरी दीड फुटाच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडून त्याच्या गरजा कळत नाहीत. त्याला उडायला किती जागा लागते, थव्यात राहावं लागतं, ढोलीत घर लागतं, हे सगळं पिंजरा झाकून टाकतो. 'निवारा' या शब्दाचा मुलाने घर किंवा खोका असा अर्थ घेतला तर दोष त्याचा नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, वेळेचा. पट मोठा, अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षेत यादीच विचारतात. चेन्नईकडे याचं अर्धंमुर्धं उत्तर आहे. तेव्हाचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने २००३ साली इथल्या महापालिकेच्या १३ शाळांत कृतियुक्त अध्ययनाचा प्रयोग सुरू झाला. मुळात ती कल्पना आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली शाळेची. मुलं बाकांऐवजी चटयांवर गटांनी बसत, कार्डांची शिडी आपापल्या गतीनं चढत, शिक्षक गटागटांतून फिरत. पुढच्या चार-पाच वर्षांत ही पद्धत तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सगळीकडे गेली. मोठ्या पटाच्या साध्या सरकारी शाळेतही वर्गाची मांडणी बदलता येते, हे तिने सिद्ध केलं. तिची मर्यादाही तिथेच दिसली : कार्डावर झाडाचं चित्र असेल आणि मूल कार्डच पूर्ण करत असेल, तर पुस्तकाची जागा कार्डाने घेतली एवढंच. वेळेचं म्हणाल, तर मुगाची वाटी रोज पाहायला पाच मिनिटं पुरतात. मुंग्यांच्या ठिपक्यांना तीही लागत नाहीत. आणि परीक्षेत यादी विचारली, तर ज्याने तीन आठवडे रोपटं सांभाळलं त्याला ती न पाठ करता येते. उलटं मात्र होत नाही.

'आमच्या वेळी असं काही नव्हतं' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली मद्रासला आल्या, जॉर्ज टाउनपासून काही मैलांवरच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. झाडाला पाणी घातलं नाही तर ते मरेल आणि पाणी घालणारा मीच आहे, या जाणिवेतून मूल पुढचा विचार करायला शिकतं, हे त्यांनी त्याआधी कितीतरी वर्षं लिहून ठेवलं होतं. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच काम आपल्या मातीत आणलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा पानं, बिया, शंख, खडे हीच साधनं झाली. गुरांमागे जाणारी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा कुरणात गेली. कुरणशाळा निघू शकते तर गल्लीशाळा का नाही? जॉर्ज टाउनच्या मुलाचं कुरण म्हणजे त्याची गल्ली, आणि तीत पिंपळ, मुंग्या, कावळे, गायी, मोगरा सगळं हजर आहे.

मात्र एक गोष्ट चेन्नईत पुण्या-मुंबईसारखी करून चालणार नाही, ती म्हणजे वेळापत्रक. आपल्याकडे शाळा आणि पाऊस दोन्ही जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे पेरणीचा धडा आपोआप जमतो. चेन्नईचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत पडतो. भिंतीतला पिंपळ टरारून वर येतो तो तेव्हा, म्हणून त्याच्याकडे बघायचं ते दिवाळीच्या सुमाराला. जूनमध्ये तिथे उन्हाळाच चालू असतो, आणि तो महिना पाण्याच्या धड्याचा. २०१९ च्या जूनमध्ये शहराला पाणी देणारे मोठे तलाव जवळपास आटले होते आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, जसं २०१६ साली मिरजेहून लातूरला आणलं होतं. टँकरपाशी घागरींची रांग पाहिलेल्या मुलाला पाण्याची गरज शिकवायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. त्या दिवसांत कुंड्यांना काय मिळालं, गच्चीवरच्या भांड्याशी कोण कोण आलं, भिंतीतल्या रोपाने पानं गाळली का, हे विचारलं की घरची टंचाई आणि झाडाची टंचाई एकाच प्रश्नात येते. राहता राहिली मे महिन्याच्या सुट्टीतली अडचण : शाळा बंद, मग कुंड्यांना पाणी कोण घालणार? जॉर्ज टाउनमध्ये तिचं उत्तर बाकी शहरापेक्षा सोपं आहे, कारण इथली बरीच मुलं शाळेच्याच गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत राहतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुंड्या वाटून द्याव्यात, प्रत्येक कुंडीबरोबर एक वही द्यावी आणि जूनमध्ये दोन्ही परत मागवाव्यात, रोप वाळलं असेल तरीही.